साळवे मिस्त्रीचा टोला

गिऱ्हाईकानं माझ्या दुकानातलं लोखंड उचलून त्यावर टिचकी मारली, की माझं डोकं अजून सणकतं. भाव पाडा, वजनावरून हुज्जत घाला, गंज दाखवा, मला सगळं चालतं. मी त्यातच वाढलो. पण टिचकी मारून कान पुढं करणारा दिसला, की मी सरळ सांगतो, "घ्यायचं तर घ्या, नाहीतर ठेवा खाली." मुलगा म्हणतो, अशानं धंदा कसा चालायचा? त्यानं साळवे मिस्त्रीला पाहिलेलं नाही.

गेणू साळवे दौंडला रेल्वेत होता. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं चालायचं, प्रत्येक चाकाला एक टोला द्यायचा आणि आवाज ऐकायचा, हे त्याचं काम. धडधाकट चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं की डबा गाडीतून काढायचा. वीस-बावीस वर्षं त्यानं एवढंच केलं होतं. त्यामुळं डावा खांदा उतरलेला आणि मान उजवीकडं कललेली, बाजारातून चालतानासुद्धा. जणू कुणीतरी कानात काही सांगतंय. उंच, वाळका, खाकी कपड्यांतला. मडकं घेताना टिचकी, खाटेच्या पायाला टिचकी. एकदा एस.टी.च्या कंडक्टरनं दिलेलं नाणंही त्यानं खिडकीच्या गजावर वाजवून घेतलं. कंडक्टर चिडला तर म्हणाला, "तुमच्यावर संशय न्हाई हो. सवय हाय." एक वाक्य त्याच्या तोंडी कायम असायचं: "लोखंड खोटं बोलत न्हाई, वरचा रंग बोलतो."

माझं दुकान शिरूरला, नगर रस्त्याला. दुकान म्हणजे भंगाराचं आवार. सुरुवातीला मी सायकलवर पोतं टाकून गावोगाव लोखंड गोळा करायचो; मग हातगाडी, मग ही जागा. कुणी दिलेलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात लोक घरातलं सगळं लोखंड घेऊन यायला लागले, मोटांची कडी, विहिरीचे रहाट, नांगराचे फाळ, आणि माझं आवार भरलं. त्याच वर्षी नगरच्या लष्करी लिलावात मी एक ढीग उचलला. वर लोखंडी खाटा आणि पिंपं, आणि तळाशी लढाईच्या काळातली एक विलायती मोटरसायकल. चाकं नाहीत, टाकीला भोकं, इंजिन जाम.

सहा महिने ती तशीच पडून होती. मग एक दिवस साळवे आला. शेजारच्या हॉटेलवाल्यानं मला त्याचं नाव सांगितलेलं, म्हणून मी गल्ल्यावरूनच विचारलं, "काय रे गेणू, फटफटी घेतोस का?"

त्यानं खिशातून रेल्वेचा पितळी बिल्ला काढून माझ्यापुढं धरला. "साळवे म्हणा, शेट. बिल्ल्यावर तेच हाय."

मी त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. पण त्या काळी त्याच्या वस्तीतल्या माणसाला असं बोललं, तर कुणाला वावगं वाटत नसे. त्यालाच वाटलं. त्या दिवसापासून मी त्याला तोंडावर 'मिस्त्री' म्हणत आलो. मनात मात्र एकेरीच.

पिशवीतून लहान हातोडी काढून त्यानं सांगाड्याला, इंजिनाला, पुढच्या चिमट्याला हळूहळू टोले दिले. सगळं ऐकून म्हणाला, "भंगाराच्या भावानं देता का?"

"ही मोटरसायकल आहे, मिस्त्री. विलायती. पत्र्याचा डबा नाही."

"आसंल. पर आत्ता ती चालती का?"

मी भडकलो. त्याला चालता हो म्हणालो. तो गेला नाही. पिंपावर बसून राहिला. दुपारच्या एस.टी.नं परत गेला, पुढच्या सुट्टीला पुन्हा आला आणि त्याच पिंपावर बसला. तिसऱ्या खेपेला मीच वैतागून ती वजनाच्या भावानं दिली. माझ्या तोंडून माझ्याच मालाला भंगार म्हणवून घेणारा तो पहिला माणूस. कांद्याच्या ट्रकमध्ये ती चढवताना मी मुद्दाम हात लावला नाही.

पण माझा खरा राग त्याच्या पुढचा आहे. वर्षभरानं तो चाकाच्या आऱ्या शोधायला आला होता. त्याच वेळी वरवंडचा एक बागाईतदार माझ्याकडं ट्रॉलीसाठी ॲक्सल बघत होता. म्हणजे चाकं ज्यावर फिरतात तो जाड दांडा. सौदा होत आला होता. गडी माणसं, दोन ड्रायव्हर, हॉटेलवाला, सगळे उभे. साळवेनं जाता जाता, कुणी विचारलेलं नसताना, त्या ॲक्सलवर टोला मारला.

"बद्द हाय," तो म्हणाला. "आतनं तडा हाय."

बागाईतदारानं हात मागं घेतला. हॉटेलवाला म्हणाला, "आता शेटच्या मालावर मिस्त्रीचा शिक्का लागंल तवाच इकायचा." सगळे हसले.

"तुझ्या बापाचं काय जात होतं रे?" मी ओरडलो.

"माझं न्हाई जात," तो म्हणाला. "ह्यांची पोरं बसली असती की ट्रॉलीत."

तडा होता. मला ठाऊक होतं. तो मुद्दा नाही. पाच माणसांत बोलायचं नसतं. मला बाजूला घेऊन म्हणाला असता, तर मी ऐकलं असतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

तरी त्याला सामान माझ्याकडूनच लागायचं आणि मला गिऱ्हाईक सोडवत नसे. दौंडला माल घ्यायला गेलो की त्याच्या घरी एखादी चक्कर व्हायची. रुळांपलीकडच्या वस्तीत दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, आणि पडवीत ती मोटरसायकल. म्हणजे गोधडीवर पसरलेले तिचे भाग. प्रत्येकावर खडूनं आकडा, आणि नटबोल्टांचे वीस-पंचवीस पत्र्याचे डबे. शेजारी खाटेवर त्याची बायको जनाबाई. सहा वर्षांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं जड झालेलं, पण उजवा हात आणि डोकं शाबूत. एका हातानं ती रॉकेलमध्ये नट धुवायची, आणि कुठला नट कुठल्या डब्यात हे तिच्याच ध्यानात असायचं.

"सतरा नंबर?" साळवे विचारायचा.

"निळा डबा. तळाला."

तो डबा उपडा करायचा आणि नट निघायचा. रेल्वेतली माणसं येऊन चेष्टा करायची. जनाबाई त्यांच्यापेक्षा वरचढ. एकदा मला म्हणाली, "शेट, ह्येनी माझ्या पायाला तेल लावलं न्हाई येवढं हिच्या चाकाला लावलंया. परत इकत घ्या हिला, म्हंजी माझा नंबर लागंल."

पहिल्याच खेपेला साळवेनं मला पाण्याचा पेला पुढं केला. मी म्हणालो, "आत्ताच पिऊन आलो." त्यानं माझ्याकडं पाहिलं, पेल्यावर नखानं एक टिचकी मारली आणि पेला खाली ठेवला. "बरं," एवढंच म्हणाला. पुढं प्रत्येक खेपेला तो पाणी विचारायचा आणि प्रत्येक खेपेला मी आत्ताच पिऊन आलेला असायचो.

मोटरसायकल कशासाठी, तर एक जानेवारीला कोरेगाव भीमाला जायला. पूर्वी दोघं दर वर्षी तिथल्या स्तंभाला मानवंदना द्यायला वस्तीतल्या ट्रकमधून जायची. आजारानंतर एकदाच गेली. चार जणांनी तिला धरून ट्रकात चढवली, आणि घरी आल्यावर ती म्हणाली, "गठुळ्यावानी चढवत्यात. मी आता जायाची न्हाई." मोटरसायकलीच्या बाजूला तिच्यासाठी बसायची गाडी जोडायची, असं तेव्हाच साळवेनं मनात घेतलं. जनाबाई तिला पाळणा म्हणायची. माझ्याच लष्करी खाटांचे अँगल कापून त्यानं पाळण्याचा सांगाडा केला, त्यावर वेताची बैठक विणली. पाठ डावीकडं उंच, कारण त्या बाजूला ती कलायची. धरायला मूठ उजवीकडं. टाकीची भोकं बुजवली, तिला निळा रंग दिला. जाम इंजिन महिनाभर तेलात भिजवून सोडवलं. ते सुरू झालं त्या दिवशी, म्हणतात, जनाबाईनं खाटेवरूनच इतक्या शिव्या हासडल्या की वस्ती गोळा झाली. आनंदाच्या शिव्या.

तिसऱ्या वर्षी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, पण तिचा अर्थ तेव्हा कळला नाही. पूर्वी साळवे इंजिनाचा आवाज पाच हातांवरून ऐकून सांगायचा. आता तो पेचकसाची लाकडी मूठ दातांत धरायचा, टोक इंजिनाला टेकवायचा आणि डोळे मिटून बसायचा. मला वाटलं, रेल्वेतली काही युक्ती असेल.

त्या दिवाळीनंतर त्याचं पोस्टकार्ड आलं. सगळं झालंय, फक्त पाळण्याच्या चाकाला ॲक्सल हवा. माप लिहिलेलं. माझ्याकडं त्या मापाचे दोन ॲक्सल होते. एक चांगला, एक तडा गेलेला. तडा गेलेला मी उचलला. वेल्डरकडून तड्यात पितळ भरून घेतलं, कानशीनं सपाट केलं, वर काळा रंग दिला. मला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. मला त्याचा कान हरवायचा होता. तो 'खणखणीत' म्हणाला, की त्याच्या रेल्वेच्या दोस्तांसमोर रंग खरवडून पितळ दाखवायचं, पाच माणसांत झालेलं पाच माणसांत फेडायचं, आणि मग चांगला ॲक्सल द्यायचा, असा माझा बेत. चांगला मी दुकानात वेगळा काढून ठेवला होता.

दौंडला गेलो तेव्हा पडवीत त्याच्या खात्यातली दोन माणसं विडी ओढत बसलेली. मला तेच हवं होतं. साळवेनं ॲक्सल हातात घेतला, दोरीनं आढ्याला टांगला आणि हातोडीनं टोला दिला.

मला स्वच्छ ऐकू आलं. बद्द. मातीच्या भांड्यासारखं.

मान कलती करून तो उभा राहिला. मग म्हणाला, "खणखणीत हाय."

मी चाकू काढायला खिशात हात घातला. तेवढ्यात घरामागून रेल्वेच्या इंजिनानं शिटी दिली, इतक्या जवळून की मी दचकलो आणि पत्र्यावरची चिमणी उडाली. साळवेची पापणीसुद्धा लवली नाही. त्याच्या कोपराला एक दोरी बांधलेली होती. पाळण्यातून इशारा करायला, असं तो सगळ्यांना सांगायचा: बायकोचं बोलणं जड, एक झटका म्हणजे मागं गाडी, दोन म्हणजे थांब. त्या दोरीचं दुसरं टोक खाटेवर जनाबाईच्या मुठीत होतं. तिनं एक झटका दिला. साळवेनं रुळांकडं पाहिलं आणि म्हणाला, "आली वाटतं गाडी."

दोरी तिच्यासाठी नव्हती. त्याच्यासाठी होती. टोल्यांनी आणि शिट्ट्यांनी त्याचे कान खाऊन टाकले होते, आणि रेल्वेत हे कळलं तर हातोडी जाणार होती. म्हणून खात्यातल्या त्या दोघांसमोर त्यानं दातांत काही धरून हाडांतून ऐकलं नाही. पूर्वीसारखं उभं राहून ऐकल्याचं दाखवलं. मला कळलंय हे जनाबाईला कळलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "शेट, पाणी तरी घ्या."

खात्यातली ती दोन माणसं तिथंच बसलेली होती. रंग खरवडला असता, तर तडा दिसला असता आणि मिस्त्रीला तो ऐकू आला नाही हेही दिसलं असतं. मी चाकू खिशातच ठेवला. "आत्ताच पिऊन आलो," म्हणालो आणि उठलो. आठवड्यात येऊन काहीतरी कारण सांगून ॲक्सल बदलून द्यायचा, असं वाटेत ठरवलं.

आठवड्यात गेलो नाही. मग लिलाव होता, मग पावणे होते. खरं सांगायचं तर काय कारण सांगायचं तेच सुचत नव्हतं. माझा माल खोटा आहे, असं मी जन्मात कुणाला आपणहून सांगितलेलं नव्हतं. चांगला ॲक्सल दुकानात काट्यामागं उभा होता.

एक जानेवारीला मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात होतो. रस्त्याच्या कडेला काटा लावून जुनी अवजारं घेत बसलो होतो. कोरेगावकडं जाणारे ट्रक, बैलगाड्या, सायकली, निळे झेंडे, सकाळपासून रीघ चालली होती. त्यात तो आवाज आला. मी न पाहताच ओळखला. ते इंजिन माझ्या आवारात सहा महिने मुकं पडून होतं. साळवे ताठ बसला होता, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत. शेजारी पाळण्यात जनाबाई, पांढऱ्या लुगड्यात, केसांत फूल. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. गठुळ्यासारखी नाही, राणीसारखी चालली होती ती.

मी उठलो, हात वर केला आणि ओरडलो, "मिस्त्री! थांबा!"

त्याला ऐकू येत नाही हे त्या बाजारात मला एकट्यालाच माहीत होतं. पण तिला येत होतं. तिनं मान वळवली. बाजाराच्या गलक्यात शब्द पोचले नसतील. तिला दिसला हात वर केलेला मी, तीन वर्षांत तिच्या घरचं पाणी न प्यालेला शेट. तिचा अर्धा चेहरा हसला. दोरी धरलेला उजवा हात तिनं वर केला, आणि हात वर करायला दोरी सोडली.

"जय भीम, शेट!" ती म्हणाली. हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

पळत जाऊन आडवा उभा राहिलो असतो तर गाडी थांबली असती. रस्ता दहा पावलांवर होता. काट्यात कुणाची तरी कुदळ होती आणि तिचा मालक भाव विचारत होता. मी हात खाली घेतला.

गावाबाहेर दीड-दोन मैलांवर पाळण्याचं चाक निखळलं. साळवेला खरचटलं. जनाबाई दगडांवर फेकली गेली. तिला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ती गेली.

मी दौंडला गेलो तो दोन आठवड्यांनी. भांडायच्या तयारीनं गेलो होतो. वाक्य तोंडपाठ केलं होतं: तूच वाजवून घेतलास, तूच पास केलास, तुझ्याच खात्यातली दोन माणसं साक्षीला आहेत. पडवीत मोटरसायकल नव्हती. त्यानं ती पुन्हा सगळी उकलून डब्यांत भरली होती. कुठला नट कुठं, हे आता कुणाला सांगता आलं नसतं. फळीवर ॲक्सलचे दोन तुकडे ठेवलेले, आणि तुटलेल्या तोंडाला पितळ पिवळंधमक चमकत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मी समोर बसलो, त्याला माझे ओठ दिसतील असा. तोंड उघडायच्या आत तोच बोलला.

"टोला म्या दिला व्हता, शेट. म्याच म्हणलो व्हतो खणखणीत हाय."

माझं वाक्य त्यानं माझ्या तोंडातून काढून घेतलं. मग म्हणाला, "सायबाकडं हातोडी देऊन आलो. दीड वरीस म्या काय बी ऐकलं न्हाई. हातात झिणझिण्या यायच्या, त्यावर पास करायचो. देवानं राखल्या त्या गाड्या. देवबिव मी मानत न्हाई, पर राखल्या कुणीतरी." त्यानं पितळावरून अंगठा फिरवला. "हिला म्हाईत व्हतं. मला म्हणायची, सांगून टाका. मी म्हणायचो, एक डाव कोरेगाव होऊ दे."

तडा कुणी बुजवला, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, तो हो म्हणाला असता, मी ओरडलो असतो, तो माझ्या अंगावर आला असता. कुठंतरी सौदा पटला असता. त्यानं मला भांडूच दिलं नाही. माझा राग आहे तो हाच, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नाही.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी सोलापूरला चाललो होतो. दौंडला गाडी थांबली. फलाटावर एक नवा माणूस हातोडी घेऊन चाकांना टोले देत येत होता. त्याच्या पुढं, बादली आणि लांब दांड्याचं ओगराळं घेऊन खिडक्या-खिडक्यांतून प्रवाशांना पाणी घालत साळवे येत होता. रेल्वेनं त्याला ते काम दिलं होतं. डावा खांदा तसाच उतरलेला. मागं टोला पडायचा तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं, तरी मान कललेलीच.

मी तोंड फिरवायला हवं होतं. फिरवलं नाही. तो माझ्या खिडकीशी आला, ओगराळं भरलं आणि मला पाहिलं.

"पाणी?" त्यानं विचारलं. मग, कान गेलेली माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा फार मोठ्यानं म्हणाला, "का आत्ताच पिऊन आलात?"

डब्यातली माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी गजांतून दोन्ही हात बाहेर काढून ओंजळ केली आणि तोंड गजांना टेकवलं. तो ओतत राहिला. मी पीत राहिलो. तहान नव्हती तरी. पाणी मनगटांवरून बाह्यांत शिरलं. ओगराळं रिकामं झाल्यावर त्यानं ते पुन्हा भरलं आणि पुन्हा ओतलं. मी पुरे म्हणालो नाही. म्हणालो असतो तरी त्याला ऐकू आलं नसतं.

गार्डनं शिटी दिली. साळवेनं बादली उचलली. जाता जाता रिकाम्या ओगराळ्यानं माझ्या चेहऱ्यापुढच्या गजावर एक टोला मारला, मान कलती करून क्षणभर थांबला, आणि पुढच्या खिडकीकडं गेला. खणखणीत की बद्द, ते काही बोलला नाही.